दक्षिणकाशी ते केडगाव : मंडळी निवडताना उपदेश का तपासावा?

१/ तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशाला दक्षिणकाशी म्हणतात. काशीयात्रेनंतर येथे उत्तरपूजा केल्यावाचून यात्रा पूर्ण होत नाही, अशी श्रद्धा आहे. याच नंदुरबार जिल्ह्यात आदिवासी ख्रिस्ती मंडळ्याही आहेत. त्यांना सध्या एक सल्ला सर्रास मिळतो : ‘सगळी चर्चे सारखीच, मन रमेल तिथे जावे.’ हा सल्ला उदार वाटतो. पण तो इतिहासाला धरून नाही आणि निरुपद्रवीही नाही.

२/ आरंभ मूळ काशीपासून करू. तेथील मराठी पंडित नीलकंठशास्त्री गोरे यांनी जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षा’ या संस्कृत ग्रंथाचे खंडन करण्यासाठी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला. खंडन करता करता ते प्रतिपक्षाचे सिद्धांत तपासू लागले आणि १८४८ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

३/ बाप्तिस्म्यानंतरही त्यांची तपासणी थांबली नाही. इव्हँजेलिकल वळणाच्या मिशनकडून ते पुढे अँग्लिकन चर्चच्या कॅथलिक वळणाच्या पंथाकडे गेले. त्यांचा निर्णय कोणाला पटो वा न पटो. तो संस्कार, चर्चची परंपरा आणि अधिकार यांविषयीच्या विचारातून झाला होता. केवळ मन रमले म्हणून झाला नव्हता.

४/ दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. आश्रय देणाऱ्या भगिनींचे उपकार मान्य करूनही त्यांनी त्रैक्य आणि ख्रिस्ताचे ईश्वरत्व यांविषयी परखड प्रश्न विचारले. परक्या देशात, परावलंबी अवस्थेत, पदरी लहान मुलगी असताना त्यांनी विचारलेले हे प्रश्न होते.

५/ उपकाराने उपदेश खरा ठरत नाही, हे रमाबाईंनी ओळखले होते. शाळा, धान्य, औषध देणाऱ्यांविषयी कृतज्ञता असावीच. पण कृतज्ञता म्हणजे मतांगीकार नव्हे. ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाचा स्वीकार त्यांनी पुढे केला, तो वाचून आणि पारखून. म्हणूनच तो टिकला.

६/ ‘पण अनुभव तर खरा असतो ना?’ असे विचारले जाईल. त्याचेही उत्तर केडगावात आहे. १९०५ मध्ये मुक्ती मिशनमध्ये मोठी आध्यात्मिक जागृती झाली. पाठोपाठ अन्य भाषा बोलण्याचे अनुभव आले. रमाबाईंनी ते नाकारले नाहीत. मात्र अन्य भाषा हेच पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याचे एकमेव आणि अनिवार्य चिन्ह, ही शिकवण त्यांनी स्वीकारली नाही.

७/ अनुभवाला मान आणि उपदेशाला कसोटी, असा हा विवेक होता. त्याच रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर केले. वेदान्ताच्या अर्थच्छटा असलेले शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. शब्द बदलला की सिद्धांत बदलतो, हे त्या जाणत होत्या.

८/ आता खानदेश. मिशनांनी आपसांत क्षेत्रे वाटून घेतली होती. खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आले, नगरकडे अमेरिकन मराठी मिशन होते. परिणामी कोणत्या पंथाचे व्हायचे, हे बहुधा नकाशाने ठरवले. पूर्वजांना निवडीची संधीच नव्हती. आज ती आहे, म्हणून जबाबदारीही आहे.

९/ टिळकांचा दाखला दिला जाईल. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, हे खरे. पण त्यांनी सोडले ते मिशनचे वर्चस्व, ख्रिस्त नव्हे. पंथाच्या भिंती ओलांडणे वेगळे आणि पायाच नको म्हणणे वेगळे.

१०/ सर्व मतभेद सारख्या तोलाचे नसतात, हेही मान्य करावे. १९७० मध्ये नागपुरात उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली, तेव्हा बालबाप्तिस्मा आणि प्रौढ बाप्तिस्मा या दोन्ही पद्धतींना एकाच छपराखाली जागा मिळाली. पाया कोणता आणि पद्धत कोणती, हे ठरवल्यावरच अशी तडजोड शक्य होते. म्हणजे ऐक्यालाही सिद्धांतच लागतो.

११/ हा वाद केवळ पंडितांचा नाही. ‘विश्वास कमी म्हणून आजार हटत नाही’ असे शिकवले, की रुग्ण वेदनेसोबत अपराधही वाहू लागतो, आणि कधी औषधही सोडतो. याच जिल्ह्यात चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय १९४२ पासून उभे आहे. प्रार्थना आणि औषध यांत वैर नाही, ही शिकवण तिथे रोज आचरणात दिसते. उपदेशातला फरक शेवटी खाटेवरच्या माणसापर्यंत पोहोचतो.

१२/ प्रेषितांच्या कृत्यांच्या १७ व्या अध्यायात बिरुयाच्या लोकांची प्रशंसा आहे, कारण साक्षात पौलाचे बोलणेही त्यांनी शास्त्राशी ताडून पाहिले. पौलाला जी कसोटी लागू, ती मांडवातल्या वक्त्याला का नसावी? ख्रिस्त कोण, तारण कशाने, पैशाचा हिशोब कोणापुढे, आजाऱ्याला काय सांगितले जाते : एवढे चार प्रश्न विचारावेत. विचारणाऱ्याला अश्रद्ध ठरवणारी मंडळी असेल, तर उत्तर तिथेच मिळाले.

(समाप्त)