मर्जी आणि मजबुरी

माणूस स्वतःच्या मर्जीनं वागतो की परिस्थिती त्याला वागवते? प्रश्न तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातला वाटतो खरा, पण आमच्या अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावी तो सरकारी फायलीत सापडतो.

शेतकऱ्यानं आत्महत्या केली की घरच्यांना मदत द्यायची का, हे जिल्हाधिकाऱ्यांची समिती ठरवते. २००६ साली शासनानं एक लाखाची मदत ठरवली. तिचे निकष म्हणजे नापिकी, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज, आणि वसुलीचा तगादा. कागद जुळले तर प्रकरण 'पात्र', नाहीतर 'अपात्र'. परिस्थितीनं ढकललं, हे मागे राहिलेल्यांनी सिद्ध करायचं. पाहुण्यांकडून घेतलेल्या हातउसन्या पैशांचा ताणही तेवढाच असतो, पण त्याची पावती कुठून आणायची?

आता दुसरी बाजू बघा. त्याच काळात दंड संहितेचं कलम ३०९ होतं. आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेला माणूस गुन्हेगार, एक वर्षापर्यंत कैद. मुंबई उच्च न्यायालयानं १९८६ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं, पण १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते वैध मानलं. म्हणजे गेला तर 'मजबुरी होती हे दाखवा', आणि वाचला तर 'तू हे मर्जीनं केलंस'! २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा माणूस तीव्र तणावाखाली असतो हे गृहीत धरलं आणि त्याला शिक्षा नको, उपचार द्या म्हटलं. जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत तर ते सरसकट कलमच नाही. उशिरा का होईना, शहाणपण आलं.

टिळकांच्या 'गीतारहस्या'त (१९१५) कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यावर एक अख्खं प्रकरण आहे. आत्मा स्वतंत्र आहे असं ते मानतात, पण सोबत सुताराचा दाखला देतात. सुतार कितीही कसबी असो, हत्यारांशिवाय त्याचं काम अडतंच. मला हा दाखला फार पटतो. मर्जी म्हणजे 'आहे' किंवा 'नाही' असा मामला नव्हे, ती हत्यारांप्रमाणे कमी-जास्त होते. सोयाबीनला वेळेवर मिळालेला भाव हे एक हत्यार. पीकविम्याचे पैसे हे दुसरं. आणि 'मी कर्जात बुडालोय' हे लाज न वाटता सांगता येईल असं एक माणूस, हे तिसरं.

पहिली दोन सरकारच्या हातात आहेत, तिसरं आपल्या. पण आपण काय करतो? तेराव्याला बसून 'भित्रा निघाला', 'लेकीच्या लग्नात एवढा खर्च कशाला केला' असले हिशेब मांडतो. असं बोलणं ऐकणाऱ्यांतही कुणीतरी कर्जात असतो. तो मग गप्प बसतो, आणि त्याचं एक हत्यार आपणच काढून घेतलेलं असतं.

म्हणून मला वाटतं, मर्जीचा प्रश्न गेलेल्या माणसाला विचारण्यात अर्थ नाही. ज्यांच्या हातात अजून हत्यारं आहेत, त्यांना विचारावा, म्हणजे तुम्हाला आणि मला. या दिवाळीला गावाकडं जाल तेव्हा सोयाबीनचा उतारा विचाराच, पण जरा बाजूला घेऊन 'देणं किती आहे रे?' हेही विचारा. आणि कुणाला रात्री-बेरात्री फारच जड वाटलं तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, तो घरात लिहून ठेवा.