टायपिंगच की गं!

मागच्या दिवाळीत बारामतीला गेले होते. मामांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "तुझं नक्की काम काय गं?" म्हटलं, यीस्टच्या जनुकांवरचे शोधनिबंध वाचायचे आणि त्यातलं पारखून डेटाबेसमध्ये नोंदवायचं. मामा म्हणाले, "म्हणजे एवढं शिकून टायपिंगच की!" सगळे हसले. मीही हसले. राग मात्र आला होता, तो आज काढते :)

मामा, तुमच्या इंदापूरच्या जमिनीचा सातबारा आठवा. फेरफार नीट होईपर्यंत किती खेटे घातलेत? तेव्हा नाही म्हणालात, "नोंद काय, नुसतं टायपिंग"!

यीस्टचंही तेच. एकाच जनुकाला वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी एपीजी-१, एयूटी-३ आणि सीव्हीटी-१० अशी तीन नावं दिली होती. २००३ मध्ये सगळ्यांनी मिळून एटीजी-१ हे एकच नाव ठरवलं. पण जुने निबंध जुन्याच नावांनी छापलेले. ते एका खात्यावर कोण आणणार? पेशी स्वतःचाच कचरा कसा पचवते ते या कुटुंबातल्या जनुकांनी उलगडलं आणि त्यासाठी योशिनोरी ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं.

हे सगळं लांबचं वाटतंय? माळेगाव, सोमेश्वरच्या डिस्टिलरीत मळी आंबवतं ते यीस्टच. त्यात एडीएच-१ हे जनुक अल्कोहोल तयार करायला लागतं, तर एडीएच-२ तेच अल्कोहोल परत खायला. फरक एका आकड्याचा. तो आकडा नोंदीत चुकला तर सुधारित यीस्ट करणारा नको ते जनुक काढून बसेल.

१९९६ मध्ये यीस्टचा पूर्ण जीनोम वाचून झाला. सुमारे सव्वा कोटी अक्षरं, सहा हजारांच्या आसपास जनुकं. अक्षरं मिळाली, अर्थ अजून लावतोय. शेकडो जनुकांचं काम आजही माहीत नाही.

आणि पैसे कमी पडले की पहिली कुऱ्हाड आमच्यावर. २०१६ मध्ये अमेरिकेत अशा डेटाबेसांचा निधी कापायचं घाटत होतं, तेव्हा हजारो शास्त्रज्ञांनी सह्या करून विरोध केला. आता नवं टुमणं, "एआय करेल की!" करू दे, मदत मीही घेते. पण त्याला शिकवायला आणि तपासायला कुणीतरी पारखलेल्याच नोंदी लागतात ना?

असो. मामा, पुढच्या दिवाळीत पुन्हा विचारा. "तलाठी आहे, यीस्टची," असं सांगेन.