मूक माणसाचे मोल

आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ १९५१ साली वृत्तपत्रात अवतरला. चौकड्यांचा कोट, धोतर, टकलाभोवती उरलेले चार केस. मंत्री आश्वासने देत, भाव चढत. हा गृहस्थ मात्र अखेरपर्यंत एक शब्द बोलला नाही. त्याने गप्प राहावे ते वाचकाने बोलावे म्हणून. आपण मात्र त्या मौनालाच सद्गुण मानले. सकाळी व्यंगचित्र पाहून हसावे, संध्याकाळी महागलेली डाळ निमूटपणे पिशवीत घालावी, हा आपला शिरस्ता. रागाची इतक्या स्वस्तात वासलात लागणे कोणत्याही राज्यकर्त्याच्या पथ्यावरच पडते. २००१ साली पुण्यात त्याचा पुतळाही उभा राहिला. तो बोलणार नाही. डाळीचा भाव आपल्या प्रतिनिधीला आपणच विचारला पाहिजे.