घरी येणाऱ्या लेकराला जात विचारू नका, कागद मात्र विचारा

धाराशिव जिल्ह्याचे नाव निघाले की दुष्काळ आणि ऊसतोड हेच चित्र डोळ्यांपुढे येते. भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतून आजही दिवाळीच्या आगेमागे कोयता, भांडीकुंडी आणि लेकरे गाडीत घालून माणसे कारखान्यांच्या दिशेने निघतात. पण याच वस्त्यांतून बाबासाहेबांच्या ‘शिका’ या एका शब्दावर विश्वास ठेवून शिकलेली एक पिढी पुणे-हैदराबाद ओलांडून परदेशात जाऊन पोहोचली आहे. कुणी शिष्यवृत्तीवर गेले, कुणी नोकरीवर. ही अभिमानाची गोष्ट आहे. मात्र या पिढीबरोबर आपल्या घरांत एक नवा प्रश्नही आला आहे. चळवळीने त्याकडे अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही. तो प्रश्न म्हणजे गावाकडचे मूल दत्तक घेऊन परदेशातल्या घरी नेण्याचा.

चित्र साधारण असे असते. गावाकडे भाऊ-भावजय अपघातात किंवा आजारात जातात आणि मागे चार वर्षांची पोर उरते. आजी सांभाळते, पण आजीचे वय झालेले. परदेशातला धाकटा मुलगा आणि सून म्हणतात, आम्ही तिला आमची लेक करतो. आजी होकार देते. तालुक्याला जाऊन मुद्रांकावर दत्तकपत्र लिहिले जाते, नोटरीचा शिक्का बसतो, भावकीत पेढे वाटले जातात. मग व्हिसाच्या खिडकीवर कळते की तो कागद तिथे चालत नाही. एक वर्ष जाते, दुसरे जाते. पोर फोनवर ‘आई, मला कधी नेणार?’ म्हणून विचारत राहते. इकडच्या घरातून तिचे मन उठलेले असते आणि तिकडचे घर तिला मिळालेले नसते. कायद्याच्या अज्ञानाची शिक्षा सगळ्यात लहान माणसाला भोगावी लागते.

असे का होते? कारण आई-वडील दोघेही हयात नसतील, तर मूल दत्तक देण्याचा अधिकार आजी-आजोबांना आपोआप मिळत नाही. पालक या नात्याने त्यांना आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. ही परवानगी नसेल तर नोटरीचे कितीही शिक्के मारले तरी ते दत्तकविधान कायद्यापुढे टिकत नाही. मूल परदेशी न्यायचे असेल तर त्यापुढेही पायऱ्या आहेत. त्या सांगण्याआधी हा कायदा आला कुठून, हे आपल्या वाचकांनी लक्षात घेतले पाहिजे.

जुन्या धर्मशास्त्री कायद्यात दत्तक म्हणजे लेकराला घर मिळावे यासाठीची सोय नव्हती. ती बापाला पिंड मिळावा आणि वंश व मिळकत पुढे चालावी यासाठीची सोय होती. म्हणून सर्वसाधारण नियम असा की दत्तक घ्यायचा तो मुलगाच, आणि तोही आपल्याच जातीचा. मुलीला दत्तक जाण्याची सोय नव्हती. मूल देण्याचा अधिकार केवळ जन्मदात्यांना, म्हणजे ज्याला आई-बाप नाहीत अशा अनाथाला दत्तक जाताच येत नव्हते! ज्याला घराची सर्वांत जास्त गरज, त्यालाच दार बंद. ही त्या धर्मशास्त्राची माणुसकी होती.

विवाह आणि दत्तक यांतले जातीचे बंधन तोडणे हा बाबासाहेबांनी कायदामंत्री म्हणून पुढे रेटलेल्या हिंदू कोड बिलाचा गाभा होता. सनातन्यांनी ते बिल अडवले आणि सरकारनेही कच खाल्ली. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदावर लाथ मारली. पुढे त्याच बिलाचे तुकडे करून वेगवेगळे कायदे झाले. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि त्यानंतर अवघ्या पंधरा दिवसांनी, २१ डिसेंबर १९५६ रोजी, हिंदू दत्तक व निर्वाह कायदा अस्तित्वात आला. मुलगी दत्तक जाऊ लागली. अविवाहित आणि विधवा स्त्रीला स्वतःच्या नावाने दत्तक घेता येऊ लागले. जातीची अट गेली. १९६२ च्या दुरुस्तीने ज्यांचे आई-बाप ठाऊक नाहीत अशा मुलांनाही न्यायालयाच्या परवानगीने दत्तक देण्याची वाट मोकळी झाली. ज्या कायद्यासाठी बाबासाहेबांनी सत्ता सोडली, तो त्यांच्या डोळ्यांनी त्यांना पाहता आला नाही.

कायद्याच्या नावात ‘हिंदू’ शब्द आहे म्हणून आपल्यापैकी काहींना तो आपला वाटत नाही. पण तो बौद्धांनाही लागू आहे. आणि एक गोष्ट गावोगावच्या बौद्ध कुटुंबांनी पक्की ध्यानात ठेवावी. या कायद्यानुसार दत्त होमाची गरज नाही. भट नको, होम नको, मुहूर्त नको. देणाऱ्याने मूल दत्तक म्हणून प्रत्यक्ष सोपवावे आणि घेणाऱ्याने ते स्वीकारावे, एवढे पुरे. बुद्धवंदना घेऊन विहारात हा सोहळा करायला कुणाची हरकत असण्याचे कारण नाही. मात्र त्यासोबत दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्राची नोंदणी करावी.

आता पायऱ्या. मूल पंधरा वर्षांच्या आतले आणि अविवाहित असावे. घेणारा पुरुष आणि मुलगी, किंवा घेणारी स्त्री आणि मुलगा असेल, तर दोघांत किमान एकवीस वर्षांचे अंतर हवे. घरात मुलगी असेल तर या कायद्याखाली दुसरी मुलगी घेता येत नाही, मुलाचेही तसेच. अशा वेळी बाल न्याय कायद्याचा मार्ग धरावा लागतो. दत्तक घेणारे परदेशात राहत असतील तर केवळ दत्तकपत्रावर भागत नाही. २०२१ मध्ये नियमांत झालेल्या बदलानंतर अशा दत्तकासाठी ठरलेली वाट आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडून पडताळणी व्हायला हवी, राहत्या देशाच्या यंत्रणेची संमती हवी आणि शेवटी दिल्लीच्या केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचे, म्हणजे ‘कारा’चे, ना-हरकत प्रमाणपत्र हवे. हे सगळे हाती आल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नये. आणि लेकराला तारीखही सांगू नये, कारण मोडलेली तारीख लेकरू विसरत नाही.

नात्यातले मूल नसेल, संस्थेतले असेल, तर वाट वेगळी. बालकल्याण समितीने मूल दत्तकासाठी मोकळे असल्याचे जाहीर करावे लागते, ‘कारा’कडे नोंदणी करून क्रम यावा लागतो, आणि सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. लोक म्हणतात, एवढी कटकट कशाला? एखाद्या दवाखान्यातून, ओळखीच्या नर्सकडून परस्पर मूल मिळत असेल तर घ्यावे की! येथेच चळवळीच्या माणसाने थांबले पाहिजे. कारण परस्पर मिळणारे ते मूल बहुतेक वेळा आपल्याच एखाद्या गरीब बहिणीचे असते.

ही कटकट कुणाच्या हौसेने आलेली नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला परदेशी पाठवल्या जाणाऱ्या मुलांच्या नावाने चालणाऱ्या गैरव्यवहाराबद्दल लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्या पत्रालाच याचिका मानून न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाने १९८४ मध्ये आंतरदेशीय दत्तकाचे नियम घालून दिले. त्यातूनच पुढे १९९० मध्ये ‘कारा’ उभी राहिली. १९९३ च्या हेग कराराला भारताने २००३ मध्ये मान्यता दिली. त्या कराराचे सूत्र साधे आहे. मुलाला आधी जन्मदात्या घरात राहता आले पाहिजे. ते शक्य नसेल तर स्वतःच्या देशात घर मिळाले पाहिजे. तेही नसेल तर मग परदेश. दक्षिण कोरियाने युद्धानंतरच्या दशकांत दीड-दोन लाख मुले परदेशात पाठवली. २०२५ मध्ये तिथल्याच सत्यशोधन आयोगाने मान्य केले की त्या व्यवहारात मुलांच्या हक्कांची पायमल्ली झाली, खोटे कागद तयार झाले. आई-बाप जिवंत असताना कागदावर अनाथ ठरलेली मुले पन्नाशीत आपली आई शोधत फिरत आहेत. चीनने २०२४ मध्ये परदेशी दत्तक जवळपास बंदच केले.

म्हणून कोयत्यावर गेलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या, कर्जात बुडालेल्या बाईकडून कुणी मूल मागायला आला तर आधी विचारले पाहिजे की तिला मूल नको आहे, की मुलाला खाऊ घालायला पैसे नाहीत? पैसे नसणे हे आईपासून लेकरू तोडण्याचे कारण होऊ शकत नाही. कायद्यानेही स्वतःहून मूल सोपवणाऱ्या आईला फेरविचारासाठी दोन महिने दिले आहेत. ते तिला सांगितले जाते का, हे पाहणे गावातल्या कार्यकर्त्याचे काम आहे. मुलाची खरेदी-विक्री करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे आणि अनाथ वा सोडून दिलेले मूल नियम डावलून परस्पर देणे-घेणे हाही गुन्हा आहे.

हे झाले कागदाचे. आता जातीचे. देशात २०२४-२५ या वर्षात ‘कारा’मार्फत ४,५१५ दत्तके झाली, त्यांतली ४,१५५ देशातच झाली. उरलेली मुले परदेशात गेली. परदेशी दांपत्यांच्या वाट्याला प्रामुख्याने कोणती मुले येतात? वयाने मोठी, आजारी, अपंग. म्हणजे आपल्या देशातल्या घरांनी ज्यांना नाकारले ती. आपल्याकडे तान्हे पाहिजे, गोरे पाहिजे, निरोगी पाहिजे आणि हळूच कानात विचारायचे, ‘कुणाचं आहे?’ हा प्रश्न मनुवाद्यांच्या वाड्यावरच विचारला जातो असे समजू नका. निळा झेंडा लावलेल्या घरातही तो विचारला जातो. पोटजात निघते, रंग निघतो. पाळण्यातल्या जीवाची जात काढणारे घर जयंतीला कितीही मोठा डीजे लावो, त्याने बाबासाहेब समजून घेतलेले नाहीत.

धाराशिवच्या मातीला तर हे सांगण्याची गरजच पडू नये. फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेला बाबासाहेब स्वतः आले होते. जन्मावरून काम ठरवणाऱ्या वतनदारीने पिचलेली दोन्ही समाजांची माणसे तिथे एका मांडवाखाली बसली. जन्म माणसाचे भवितव्य ठरवणार नाही, ही आपल्या लढ्याची मूळ प्रतिज्ञा. दत्तक म्हणजे तीच प्रतिज्ञा घराच्या उंबऱ्याच्या आत पाळणे.

आपला वारसा तरी काय सांगतो? सिद्धार्थाची जन्मदाती महामाया लवकर गेली, त्याला वाढवले महाप्रजापती गौतमीने. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी काशीबाई या ब्राह्मण विधवेचे मूल आपले केले, त्याला डॉक्टर केले. १८९७ च्या प्लेगात सावित्रीमाई रुग्णसेवा करीत होत्या, तेव्हा याच यशवंताचा दवाखाना त्यांच्या पाठीशी होता. तो कुणाच्या पोटी जन्मला, हे महाराष्ट्राने कधीच मागे टाकले. तो फुल्यांचा मुलगा, एवढेच उरले.

शेवटी घरी आलेल्या लेकराविषयी. त्याला त्याची खरी हकीकत लहानपणापासून सांगा. शेजारणीच्या तोंडून कळण्यापेक्षा आईच्या तोंडून कळलेले बरे. परदेशात नेलेल्या पोरीची मराठी तोडू नका, आजीशी तिला बोलता आले पाहिजे. संस्थेतून दत्तक गेलेल्या मुलाला अठरा वर्षांनंतर आपले मूळ शोधण्यासाठी अर्ज करण्याची सोय नियमांत आहे. उद्या असे कुणी तिशीतले माणूस परक्या भाषेत बोलत उमरग्याच्या किंवा परंड्याच्या स्टँडवर उतरले आणि आईचे गाव विचारू लागले, तर त्याच्याभोवती तमाशा जमवू नका. कदाचित ती आई दुसऱ्या संसारात असेल, तिलाही गुप्ततेचा अधिकार आहे. त्याला पाणी द्या, जिल्हा बाल संरक्षण कक्षाची वाट दाखवा.

प्रत्येक विहार समितीने आणि महिला मंडळाने वर्षातून एक बैठक या विषयासाठी द्यावी. एखादा वकील बोलवावा, दत्तकाचे नियम समजून घ्यावेत, १०९८ हा क्रमांक विहाराच्या भिंतीवर लिहावा. बाबासाहेबांनी खुर्ची सोडून जे दार उघडायला घेतले, ते उघडे ठेवण्याची जबाबदारी आता आपली आहे. त्या दारातून येणारे लेकरू आईच्या संमतीने, कायद्याच्या कागदाने आणि जातीच्या चौकशीशिवाय आत आले पाहिजे.