फॅबर्जेची अंडी कोणाची?

‘फॅबर्जे शैलीतील’ असे बिरुद लावून विकल्या जाणाऱ्या अंडाकृती पदकांविषयी आमची तक्रार ती नकली आहेत ही नाही. नकलेतूनच कारागीर शिकत आले आहेत. तक्रार आहे ती त्या नावाविषयी, आणि ते नाव बिनदिक्कत पुढे नेणाऱ्या कलासमीक्षेविषयी.

रशियाच्या राजघराण्यासाठी १८८५ ते १९१६ या काळात ५० ईस्टर अंडी तयार झाली. ती ‘कार्ल फॅबर्जेने घडवली’ हे वाक्य सर्वत्र आढळते. फॅबर्जे पेढीचा मालक होता, त्याची नजर करडी होती, हे मान्य. परंतु बहुतेक अंडी घडली ती मिखाईल पेरखिनच्या आणि, १९०३ साली तो वारल्यानंतर, हेन्रिक विगस्ट्रोमच्या कार्यशाळेत. धातूवर यंत्राने बारीक लहरी कोरायच्या, त्यांवर पारदर्शक मिन्याचा थर द्यायचा, भट्टीत भाजायचा, पुन्हा थर द्यायचा. ओतीव धातूवर रंग फासून ज्या ‘शैली’चा आव आणला जातो, तीत या श्रमाचा मागमूसही नसतो.

त्यातही आल्मा पीलचे काय? ही तरुणी पेढीत आली ती तयार दागिन्यांची चित्रे नोंदवहीत उतरवण्यासाठी. कार्यशाळेच्या खिडकीवर साचलेल्या हिमाच्या नक्षीतून तिला १९१३ चे ‘हिवाळी अंडे’ सुचले: स्फटिकाचे कवच, त्यावर हिऱ्यांचे हिमकण, आत रानफुलांची परडी. पेरखिनची आद्याक्षरे निदान त्याच्या कामावर उमटलेली असत. आराखडा काढणाऱ्या आल्माला तेवढेही नाही. १९२१ साली ती फिनलंडला गेली आणि कूसांकोस्कीच्या शाळेत चित्रकला शिकवू लागली. २०२५ च्या डिसेंबरात लंडनच्या लिलावात तेच अंडे सुमारे २ कोटी २९ लाख पौंडांना गेले. किंमत अर्थातच फॅबर्जे या नावाची!

त्या नावाची कथा तर आणखी उद्बोधक. एका अमेरिकी अत्तर-व्यावसायिकाने ते परस्पर वापरले; १९५१ साली वारसांनी २५,००० डॉलर घेऊन तडजोड केली आणि नाव बाटल्यांवर कायम झाले. ‘शैली’ म्हणून आपण ज्याचा गौरव करतो, ते असे हस्तांतरणीय आहे.

कोणी म्हणेल, पेढीचे नाव ही केवळ सोय आहे. मग वर्गात लेखकाच्या कर्तृत्वाचा आपण इतका काथ्याकूट कशाला करतो? ‘फॅबर्जे पेढी, आराखडा आल्मा पील’ एवढे लिहायला फार शाई लागत नाही.