मेंढराचे पाय

मराठी भाषेने मेंढरावर फारसा लोभ केलेला नाही. स्वतःच्या डोक्याने न चालणाऱ्याला आपण मेंढरू म्हणतो. पंडित मंडळी त्यालाच ‘गड्डलिकाप्रवाह’ असे भारदस्त नाव देतात, एवढाच फरक. रेंगाळलेल्या कामाचे आपण ‘भिजत घोंगडे’ करतो. पण त्या घोंगड्याला लोकर देणारी दख्खनी मेंढी आपल्या बोलण्यात कुठे येत नाही. मटणाच्या दुकानात तर “बोकडाचेच ना?” असे दरडावून विचारल्याशिवाय आपली पिशवी उघडत नाही!

ही मेंढी बहुधा काळी, अंगाने बेताची. माण, खटाव, फलटण अशा तालुक्यांत, जेथे पाऊस वर्षाला सुमारे 500 मिलिमीटर, तेथे ती वाढते. लोकर खरखरीत, वर्षाकाठी जेमतेम अर्धा किलो. सनगरांचे माग थांबत गेले तसे त्या लोकरीला गिऱ्हाईक उरले नाही. कित्येकदा कातरणीची मजुरीही सुटत नाही. आता मेंढपाळाचा संसार चालतो तो मटणासाठी विकल्या जाणाऱ्या कोकरांवर.

पण तिचे खरे धन तिच्या पायांत आहे. वाचकहो, तुम्ही हा अंक घेऊन फराळाला बसता त्या सुमारास धनगरांचे वाडे घाटाच्या वाटेला लागतात. बिऱ्हाड घोड्यावर, त्यातच कोंबड्या आणि नुकती जन्मलेली कोकरे. कोकणात भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतांत रात्री कळप बसवायचा आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे. पावसाळ्यापूर्वी परत घाटावर, कारण कोकणच्या चिखलात मेंढरांचे खूर सडतात.

व्यापारी मात्र पायांकडे पाहत नाही, वजनाकडे पाहतो. म्हणून जत तालुक्यातल्या माडग्याळच्या मेंढ्यांची एवढी चलती आहे: उंच, बाकदार नाकाच्या, अंगावर तपकिरी ठिपके. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दुसरी वाट धरली. सुंदरबनातल्या इवल्याशा गारोल मेंढीला बहुधा जुळी होतात. तो गुण संस्थेने संकराने दख्खनी मेंढीत आणला आणि त्या वाणाला ‘सुवर्णा’ म्हटले. एका वेतात दोन कोकरे, म्हणजे उत्पन्नात मोठीच भर. हे काम मला मोलाचे वाटते.

मात्र दोन कोकरांना दूध हवे, आईला जादा चारा हवा. दावणीला वैरण घालू शकणाऱ्याची गोष्ट निराळी. ज्याची मेंढी रोज मैलोगणती चालते, त्याला आधी हा हिशेब करावा लागतो. घाटात एक कोकरू घोड्यावर बसते. दुसऱ्यासाठी बिऱ्हाडातले काय उतरवायचे, हे धनगरणीलाच ठरवावे लागते.