कागद आयता घ्या, शिवार पायी पाहा



गावाचा नकाशा गावानेच करायचा म्हटले की बैठकीत दोन मते पडतात. काही म्हणतात, सरकारकडे सगळी माहिती तयार आहे, ती उचला आणि काम संपवा. काही म्हणतात, सरकारी कागदाला हातच लावू नका, सगळे नव्याने मोजा. आमच्या मते ही दोन्ही मते अर्धवट आहेत.

सरकारी माहिती आपल्याच शेतसाऱ्यातून आणि करातून तयार झाली आहे. ती मागून घ्यायला लाज कसली? गाव नकाशा आणि गटांच्या हद्दी आपण नव्याने काढायला बसलो तर हयात जाईल. या दप्तराची मुळे इंग्रजी अमदानीतल्या साखळी-मोजणीत आहेत. जुन्या गाडीवाटा त्यात दुहेरी तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. आज कुणी पांदण नांगरून वावरात घातली असेल, तर तोच कागद साक्षीला उभा राहतो. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली वाट मोकळी करून मागताना त्याचा आधार मोठा असतो.

पण त्याच कागदावर पुढे महसूल संहितेच्या कलम 143 खाली धुऱ्यावरून मंजूर झालेली वाट सहसा सापडत नाही. नवी विहीर सापडत नाही, बुजलेला नालाही नाही. परतीच्या पावसात वेचलेला कापूस वावरात अडकून पडतो तो या न दिसणाऱ्या वाटांपायी.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशे घ्या. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे 500 मीटर. दोन एकरांचे चौकोनी वावर त्यावर दोन मिलिमीटरसुद्धा भरत नाही. या प्रमाणावर मातीचा नकाशा काढला, तर वरचा मुरमाड तुकडा आणि खालची भारी काळी एकाच रंगात जाते. पावसाने ताण दिला की वरची पऱ्हाटी आधी सुकते. कागदाला मात्र दोन्ही वावरे सारखीच.

पावसाचेही तसेच आहे. 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, पण हिशेब महसूल मंडळाचा. मंडळाचा आकडा आपल्या गावावर डकवला, की आपल्या शिवारात काय पडले ते नकाशातून पुसले गेले. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने गावात पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत घातली. ते आपल्यालाही जमण्यासारखे आहे.

आपल्या पाहणीच्याही मर्यादा ओळखू या. मोबाइलवर घेतलेली जागा मोकळ्या आभाळाखालीही चार-पाच मीटर इकडेतिकडे होते. विहीर, बंधारा, वाट दाखवायला तेवढे पुरे. धुऱ्याचा वाद मात्र यावर तोडू नका, त्याला सरकारी मोजणीच लागते. आणि फिरणारे फक्त बड्या वावरांचे धनी असतील, तर त्यांच्याच विहिरी नकाशावर येतील. म्हणून निंदणाला जाणाऱ्या बाया, गुराखी आणि मेंढपाळ यांना सोबत घ्या. पाणी कुठे झिरपते, वाट कुठे अडते, हे त्यांना ठाऊक असते.

रीत साधी ठेवा. सरकारी कागदावरून घेतलेले निळ्या शाईने काढा, पायी पाहिलेले लाल शाईने. प्रत्येक खुणेशी तीन गोष्टी लिहा: कुठून घेतली, कोणी पाहिली, कोणत्या तारखेला. नवा सरकारी कागद आला म्हणून लाल खूण पुसू नका, आणि आपल्याला दिसले नाही म्हणून निळी रेघ खोडू नका. जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे वर्तुळ करा.

ती वर्तुळेच आपले खरे काम आहे. निळी वाट आहे आणि लाल नाही, म्हणजे पांदण कुणीतरी गिळली. लाल विहीर आहे आणि निळी नाही, म्हणजे पाण्याचा सरकारी हिशेब चुकला. नुसता आयता नकाशा हे सांगणार नाही, नुसता आपलाही नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने वर्तुळे केलेला नकाशा आणावा. कोरा, स्वच्छ, सुबक नकाशा आणू नका. तो कचेरीत टांगलेला आहेच.